आधी चालवायला शिका, मग ॲल्युमिनियम लावा



यंदा नात्यातल्या तीन घरांतून मला एकच प्रश्न आला. "मुलाला रिमोटवर चालणारा, मातीत पळणारा रेसिंगचा ट्रक हवा आहे. कोणता घ्यावा, आणि त्यात वरचे काय काय बसवून घ्यावे?" तिन्ही घरे अमेरिकेतली. प्रश्न मला विचारायचे कारण एवढेच की मुलाकडे टेक्ससला राहते तेव्हा नातवाबरोबर मातीच्या ट्रॅकवर माझे कित्येक शनिवार जातात, आणि ट्रक उघडून परत जोडण्यात माझेही हात काळे झालेले आहेत. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या बाईने यात कशाला तोंड घालावे, असे ज्यांना वाटते त्यांनी खालचे वाचून मग ठरवावे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देते. दुसऱ्याचे उत्तर दोन शब्दांत संपते : काहीही नाही. निदान पहिल्या टायरची नक्षी झिजेपर्यंत तरी नाही. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. फोनवर पलीकडे शांतता पसरते आणि मग "नाही, पण ते ॲल्युमिनियमचे..." असे सुरू होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे खेळणे आहे का ते ठरवू

"अगं, खेळण्यावर एवढे काय लिहायचे?" असे माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्याच. तर जाऊबाई, खेळणे आणि हे यांत फरक आहे आणि तो वेगाचा नाही. फरक कुकरच्या रिंगचा आहे. आपला कुकर वीस-वीस वर्षे का चालतो? रिंग झिजली की रिंग मिळते, शिट्टी हरवली की शिट्टी मिळते, मूठ तुटली की मूठ मिळते. खेळण्याच्या दुकानातला ट्रक तुटला की संपला. ज्याला तिकडे हॉबी म्हणतात त्या ट्रकचा प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पिन, प्रत्येक गिअर सुटा मिळतो आणि त्याला नंबर असतो. निवडीची पहिली कसोटी हीच. दुकानात जाऊन ट्रकची किंमत विचारू नका. पुढच्या चाकाचा सस्पेन्शन आर्म सुटा मिळतो का आणि आत्ता, या क्षणी, भिंतीवर टांगलेला आहे का, ते विचारा. नसेल तर बाहेर या.

या ट्रकांना चाळीसेक वर्षांचा इतिहासही आहे. जपानच्या शिझुओका गावच्या तामिया कंपनीने 1979 साली सँड स्कॉर्चर आणि रफ रायडर या वाळूत पळणाऱ्या गाड्या आणल्या, आणि 1986 साली ब्लॅकफूट हा मोठ्या चाकांचा ट्रक. कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडची आरसी 10 ही बगी 1984 ची. विजेवर चालणाऱ्या 1:10 आकाराच्या ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा 1985 साली कॅलिफोर्नियातच, डेल मारला झाली. खऱ्या ट्रकांच्या शर्यती 1979 साली मिकी थॉम्पसन या गृहस्थांनी वाळवंटातून उचलून लॉस एंजलिसच्या कोलिझियममध्ये, स्टेडियमच्या आत आणल्या. छोट्या ट्रकांमध्ये "स्टेडियम ट्रक" नावाचा वर्ग आहे, त्याचे मूळ तिथले. मग 2008 साली टेक्ससच्या ट्रॅक्ससने स्लॅश हा ट्रक काढला. खऱ्या शॉर्ट कोर्स शर्यतीतल्या ट्रकासारखी रुंद बॉडी, चाकांभोवती बंपर, एकमेकांना घासत जाता येईल असा. लोकांना तो इतका आवडला की क्लबांनी त्याच्यासाठी शर्यतीचा वेगळा वर्ग उघडला, आणि पुढच्याच वर्षी, 2009 साली, असोसिएटेडला आपला एससी 10 आणावा लागला. एखाद्या गोष्टीसाठी वेगळा वर्ग उघडावा लागला की तिला खेळणे म्हणायचे नसते, एवढे तर शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला कळते :)

कोणता घ्यावा

एक. घराजवळ ट्रॅक कुठे आहे ते शोधा आणि एका शनिवारी मुलाला घेऊन नुसते जाऊन बसा. तिथे ज्या वर्गात सर्वांत जास्त मुले आणि सर्वांत जास्त हसणे असेल, त्या वर्गातला ट्रक घ्या. एकट्याने पळवायला जगातला उत्तम ट्रक आणला तरी तिसऱ्या आठवड्यात तो गॅरेजमध्ये जातो. सोबत्यांकडे त्याच जातीचा ट्रक असला की एकाची जादा पिन दुसऱ्याला उपयोगी पडते.

दोन. मागच्या दोन चाकांना ओढ असलेला घ्या, चारही चाकांना नको. दोन चाकांच्या ट्रकात भाग कमी, म्हणून बिघाड कमी आणि दुरुस्ती सोपी. शिवाय तो शिस्त लावतो. वळणावर अधाशासारखा ट्रिगर दाबला की मागची बाजू घसरून ट्रक गर्रकन फिरतो. बोट किती दाबायचे हे त्या फिरण्यातूनच समजते. चार चाकांची ओढ बऱ्याच चुका पोटात घालते.

तीन. पहिली मोटर साधी, ब्रशवाली चालेल. ब्रशलेस वाईट नाही. तिच्यात झिजणारे ब्रश नसतात, ती जास्त कार्यक्षम असते आणि आज बहुतेक शर्यती तिच्यावरच होतात. पण क्लबांच्या "स्टॉक" वर्गात तिलाही वेसण असते, उदाहरणार्थ 17.5 वेढ्यांचीच मोटर हवी असा नियम. वेढे जास्त, तर वेग कमी. म्हणजे बघा, ज्यांनी या खेळात आयुष्य घातले त्यांनीच ताकदीची चढाओढ रोखायला नियम केले, आणि आपण मात्र पहिल्या दिवशी सर्वांत दांडगी मोटर विकत घ्यायला निघतो.

चार. तयार ट्रक की जोडायचा सेट? मूल बारा-तेराच्या पुढचे असेल आणि घरात एक माणूस शेजारी बसायला तयार असेल, तर सेटच घ्या. त्यात मोटर, स्पीड कंट्रोलर, सर्व्हो, रेडिओ, बॅटरी, रंग हे बहुधा वेगळे घ्यावे लागते, त्यामुळे खर्च थोडा जास्त होतो. पण डिफरन्शियलमध्ये स्वतःच्या बोटांनी ग्रीस भरलेले मूल ट्रक बिघडला की घाबरत नाही. लहान मुलाला तयार ट्रक ठीक आहे. मात्र महिन्याभरात तो एकदा त्याच्याकडून पूर्ण उघडवून घ्या. स्क्रू मफिन भाजायच्या ट्रेमध्ये ठेवायचे, एका खळग्यात एका जागेचे. आणि धातूत जाणाऱ्या स्क्रूला थेंबभर थ्रेडलॉक लावायचे, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्याला नाही.

आता भांडण

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण ज्याने केली त्याने हॉबीचे दुकान पाहिले नव्हते, तरी त्याला सगळे ठाऊक होते. भिंतीवर निळे, लाल, जांभळे ॲल्युमिनियमचे भाग चमकत असतात आणि शेजारी तेच भाग काळ्या नायलॉनमध्ये तिसऱ्या हिश्श्याला. एका दुकानात (नाव घेत नाही) माझ्या समोर एका बापाला ट्रकाबरोबरच चारही बाजूंचे ॲल्युमिनियमचे आर्म विकले गेले. ट्रकाची पहिली बॅटरीही अजून लागायची होती. विकणारा म्हणाला, "मजबूत होईल."

होत नाही. का ते नीट समजून घ्या.

ट्रक उडी मारून वाकडा पडतो, किंवा कडेच्या पाइपावर आदळतो. धक्का चाकातून आर्मवर येतो. नायलॉनचा आर्म वाकतो, बराचसा धक्का पोटात घेतो आणि परत सरळ होतो. फारच झाले तर तो तुटतो, आणि एक स्वस्त भाग बदलून पंधरा मिनिटांत ट्रक परत मैदानात. ॲल्युमिनियमचा आर्म एक तर वाकतो आणि वाकडाच राहतो, त्यामुळे ट्रक सरळ जात नाही आणि मुलाला वाटते आपलेच काही चुकते. नाहीतर तो तसाच ताठ उभा राहतो आणि धक्का पुढच्या भागाकडे ढकलतो. मग आर्म ज्यात बसतो तो पाठीमागचा ठोकळा फुटतो. तो महाग असतो, आणि बदलायला अर्धा ट्रक उघडावा लागतो. भरीला चाकाकडचे वजन वाढते. तिथले वजन वाढले की खाचखळग्यांवर चाक जमिनीला धरून राहत नाही, म्हणजे शॉकअपचे काम अवघड होते. पैसे देऊन जड, ठिसूळ आणि वाईट धावणारा ट्रक घरी आणायचा, याला तिकडे अपग्रेड म्हणतात. मोडकाच भाग बदलायचा असेल तर जास्त लवचीक नायलॉनचा घ्या. आरपीएम नावाची कंपनी नेमके हेच बनवून टिकून आहे, यातच काय ते आले.

ॲल्युमिनियमला जागाच नाही असे मी म्हणत नाही. मोटर ज्या पट्टीवर बसते ती ॲल्युमिनियमची असावी, कारण ती उष्णता ओढून घेते. शॉकअपच्या नळ्या असाव्यात. जिथे वाकायला नको तिथे धातू आणि जिथे वाकायला हवे तिथे नायलॉन, एवढेच हे तत्त्व आहे, आणि ते सातवीच्या मुलाला समजते. बापांना समजायला वेळ लागतो.

दुसरे वेड वेगाचे. ट्रकात 7.4 व्होल्टची बॅटरी असते, तिच्या जागी 11.1 ची घाला, मोठी मोटर घाला, ट्रक ताशी तीसऐवजी साठने पळवा. वेग दुप्पट झाला की टकरीतली ऊर्जा चौपट होते. हे गणित कुणी दुकानात सांगत नाही, कारण त्या चौपटीवरच सुट्या भागांचा धंदा चालतो. शिवाय शर्यत वेगाने जिंकता येते हाच मुळात भ्रम. क्लबातली साधी शर्यत पाच मिनिटांची, म्हणजे 300 सेकंदांची. समजा सीमा 25 सेकंदांत एक फेरी करते आणि कुठेही उलटत नाही. तिच्या 12 फेऱ्या. राजू दांडग्या मोटरने 22 सेकंदांत फेरी मारतो, पण चार वेळा उलटतो आणि दर वेळी सरळ व्हायला दहा सेकंद जातात. उरले 260 सेकंद. भागिले 22, अकरा फेऱ्या आणि वर थोडे. सीमा पुढे. फळ्यावर लिहून दाखवले तरी राजूचे वडील विचारतात, "मग अजून मोठी मोटर लावू का?" नाचता येईना अंगण वाकडे, आणि इथे तर अंगणाला ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकायची तयारी.

मग काय बदलायचे?

हा क्रम लिहून फ्रीजवर लावा.

आधी टायर. ट्रक जमिनीला फक्त टायरनेच धरतो, बाकी सगळे नंतर. भुसभुशीत मातीला उंच खुंट्यांचे, कडक चापून बसलेल्या मातीला बारीक नक्षीचे आणि मऊ रबराचे. आपल्या ट्रॅकवर जिंकणारे काय लावतात ते विचारून घ्या. कुणी लपवत नाही. टायर रिमला नीट चिकटवलेला आहे का हेही पाहा.

मग बेअरिंग. काही सेटमध्ये, विशेषतः तामियाच्या, बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकची किंवा धातूची साधी बुशिंग असतात. ती काढून बॉल बेअरिंग घाला. घर्षण कमी होते, बॅटरी जास्त पुरते, मोटर कमी तापते. खर्च थोडा, आणि त्यात दिखावा मुळीच नाही, बाहेरून दिसतही नाही. कदाचित म्हणूनच कुणाला सुचत नाही.

मग शॉकअपमधले तेल. सिलिकॉन तेलाची छोटी बाटली मिळते. ट्रक उडीवरून पडल्यावर चेंडूसारखा उसळत असेल तर जरा घट्ट तेल, लहान खड्ड्यांवर थडथडत असेल तर जरा पातळ. भरताना पिस्टन हळूहळू वरखाली करून हवेचे बुडबुडे काढायचे. याला संयम लागतो, पैसे लागत नाहीत.

मग गिअर. इथे मुलाला कागद-पेन्सिल द्या. मोठ्या गिअरला 86 दाते आणि मोटरवरच्या छोट्याला 19, तर 86 भागिले 19 म्हणजे सुमारे 4.53. आतल्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर 2.72 असेल तर गुणाकार 12.3. म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर बारा-सव्वाबारा वेळा फिरते. छोटा गिअर 23 दात्यांचा लावला तर हाच आकडा 10.2 होतो. वेग वाढतो, पण मोटरवरचा भार आणि ताप वाढतो. लहान, वळणावळणांच्या ट्रॅकला 23 चा उपयोग नाही. दोन गिअरांमधली फट ठरवायला वहीच्या कागदाची पट्टी दोघांमध्ये धरून गिअर दाबून बसवायचे, स्क्रू आवळायचा आणि पट्टी फिरवून काढायची. पट्टीवर दात्यांची नक्षी उमटली आणि कागद फाटला नाही, की जमले. गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना माझ्या सहकारी शिक्षकांची किती दमछाक व्हायची ते आठवते. नातवाला ते एका दुपारी आले.

एक फुकटची सुधारणाही सांगते. शॉर्ट कोर्स ट्रकाची रुंद बॉडी उडीत हवा धरते आणि ट्रकाचे नाक छत्रीसारखे वर उचलते. म्हणून लोक बॉडीच्या मागच्या भागाला भोके पाडतात. क्लबच्या नियमात बसते का ते विचारून घ्या. कात्री घरात असतेच.

बाकी सगळे, जे तुटेल तेव्हा, तुटेल तेवढे. ट्रकच सांगतो कुठे काय हवे. त्याला बोलू तर द्या.

बॅटरीबद्दल मात्र तडजोड नाही

इथे मी एरवीची चेष्टा बाजूला ठेवते. हल्लीच्या लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. त्याच्या वर भरायचा नाही, आणि 3 च्या खाली उतरू द्यायचा नाही. स्पीड कंट्रोलर व्होल्टेज उतरल्यावर ट्रक थांबवतो ती सोय चालू आहे का ते तपासा. चार्जर त्याच जातीच्या बॅटरीचा, सेल समतोल राखणारा हवा. फुगलेली, चेपलेली बॅटरी वापरायची नाही. घरात माणूस नसताना किंवा रात्री झोपताना चार्जिंगला लावायची नाही, गादीवर-सतरंजीवर तर नाहीच. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवायची. या बॅटऱ्यांनी पेट घेतला की ती आग सहज विझत नाही. जो बाप ॲल्युमिनियमला पैसे मोजतो आणि चार्जरमध्ये वाचवतो, त्याच्याशी मला बोलायचेच नाही. लहान मुलासाठी निकेल मेटल हायड्राइडची सहा सेलची 7.2 व्होल्टची बॅटरी पुष्कळ झाली.

"पैसा आमचा, हौस आमची"

हा शेवटचा मुद्दा दर वेळी येतो. हौसेला मोल नसते, मान्य. तुम्ही स्वतःच्या ट्रकाला सोन्याचे चाक लावा, माझे काही म्हणणे नाही. पण तुम्ही मुलाच्या ट्रकाला लावता आहात. आपल्याच नात्यातला एक मुलगा मला म्हणाला, "आजी, तुटले की बाबा रात्रीतून बदलतात. सकाळी तयार असतो." बाबा प्रेमाने करतात, यात शंका नाही. पण त्या मुलाने दोन वर्षांत एक स्क्रू फिरवलेला नाही. ट्रक उलटला की तो रिमोट बाबांच्या हातात देतो. बाबांना ट्रक येतो. मुलाला फक्त ट्रिगर दाबता येतो.

याउलट क्लबातला एक नियम पाहा. तुमची शर्यत संपली की तुम्ही घरी जायचे नाही, खालीही बसायचे नाही. ट्रॅकच्या वळणावर जाऊन उभे राहायचे आणि पुढच्या शर्यतीत जे उलटतील त्यांना उचलून सरळ करायचे. यातून कुणाला सूट नाही. जिंकलेल्यालाही नाही. आत्ताच ज्याने तुम्हाला धडक देऊन बाहेर काढले, त्याच्या मित्राचा ट्रकही धावत जाऊन सरळ करायचा. नागरिकशास्त्राचे पुस्तक मी अनेक वर्षे शिकवले, त्यात याच्या तोडीचा धडा मला आठवत नाही. तो धडा कोणत्याही दुकानात भिंतीवर टांगलेला नाही, आणि तो मिळवायला मुलाला तिथे स्वतः, धुळीत, उभे राहावे लागते.

आणि "यापेक्षा अभ्यास करील तर" म्हणणाऱ्यांनो, तुमच्याशी माझे भांडण याहून जुने आहे. भागाकार, घर्षण, उष्णता, विजेचा दाब, दुसऱ्याला मदत आणि हरल्यावर हात मिळवणे, हे एका शनिवारात होत असेल तर तुम्हाला अभ्यास म्हणजे नक्की काय हवे आहे? मात्र ते होते ते मुलाच्या हातांनी तुटले आणि मुलाच्या हातांनीच जोडले तर. तयार आणून, तयार सजवून, तयार दुरुस्त करून दिले, तर मात्र तुमचेच खरे. मग ते नुसते महागडे खेळणे आहे.

असो. घ्यायचाच असेल तर या सुट्टीत घ्या. दोन चाकांचा, साधा, भाग मिळणारा, आणि सोबत चांगले स्क्रू ड्रायव्हर. गिअरची फट जमली नाही तर फोन करा, भारतातल्या वेळेने रात्री नऊच्या आत. आणि फोनवर मुलाला द्या, बाबांना नको.